दोघांनाही रविवारी जेवायला

६ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. पोचलो, जागा मिळाली, नळाला पाणी आहे. एवढ्यावर पत्र संपवलं असतं तर तू मला फाडून खाल्लं असतंस, म्हणून सविस्तर लिहितो.

फोन करू नकोस. एक तर फोन कानाला लावला की तुझं कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, आणि दुसरं म्हणजे इथे सगळे सांगतात की सध्या फोनवर फक्त हवापाण्याबद्दल बोलावं. तेव्हा पत्रच बरं. वसतिगृहात असताना लिहायचो, तसंच समज.

खासदारांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मला घर दिलंय. दोन खोल्या आणि जेवणाचं टेबल आठ माणसांचं. आधीच्या खासदाराचं कुटुंब मोठं असणार. मी त्या टेबलाच्या एका टोकाला बसून पाव आणि अंडं खातो, आणि मीठ दुसऱ्या टोकाला राहिलं असेल तर आळणीच खातो.

आता मुख्य गोष्ट. रेडिओवाले आकड्यांचा इतका घोळ घालतात की तुला कळलं नसेल. सोपं आहे. थोरल्या पक्षाकडे जितकी डोकी निवडून आली, बरोबर तितकीच धाकट्या पक्षाकडे. उरलं एक डोकं, अपक्ष, आणि तेही टकलं. मी ज्याच्या बाजूला बसेन त्याचं सरकार. अगं, मी! ज्याला सोसायटीच्या सभेतसुद्धा कुणी मत विचारलं नाही, तो.

काल थोरल्या पक्षाचे वकीलसाहेब आले होते. बोलणी करण्यात त्यांचा हातखंडा आहे म्हणतात. मला वाटलं, पाच मिनिटांत उठतील. दीड तास बसले. "डॉक्टर, तुम्हाला काय हवंय ते मोकळेपणाने सांगा," म्हणाले. मी सांगितलं, आपल्या गावच्या इस्पितळाचा बंद केलेला प्रसूती विभाग पुन्हा सुरू करा, मला दुसरं काही नको. मान हलवून "बघू या" म्हणाले. मग आपल्या दाढेबद्दल बोलले, मुलाच्या लग्नाबद्दल बोलले, त्यांना झोप येत नाही त्याबद्दल बोलले. ताई, आयुष्यभर माणसं माझ्यासमोर तोंड उघडून बसली, पण बोललं कधी कुणी नाही. दातांच्या डॉक्टरकडे सहज म्हणून कोण येतं?

चिऊ कशी आहे? तिला म्हणावं, मामा कामाला लागलाय.

तुझा,
गुंड्या


११ मार्च

चि. गुंड्यास,

अनेक आशीर्वाद. की आता रा. रा. खासदारसाहेब म्हणू?

पत्र वाचलं, मग पुन्हा वाचलं, मग बेकरीवाल्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी म्हटलं, गाढव कुणाला म्हणतोस? तर म्हणतो, ताई, म्हण आहे. असो. त्याने तुझ्या नावाने सगळ्या गिऱ्हाइकांना एकेक बिस्कीट फुकट दिलं.

तू तिकडे ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. प्रसूती विभाग हवा, आणि तो लगेच हवा, असं स्पष्ट सांग. खाटा आत आहेत, दिवे आहेत, दाराला नुसतं कुलूप आहे. डॉक्टर आणि परिचारिका नेमल्या की झालं. गेल्या हिवाळ्यात शिंपिणीच्या सुनेला गाडीतून डोंगरापलीकडे नेताना काय झालं ते तुला मी सांगायला नको. त्याच दाराकडे बोट दाखवून आपण मतं मागितली होती.

चिऊला सहावा महिना लागलाय. जावई बोटीवर आहे, बाळ झाल्यानंतरच परत येणार. चिऊ म्हणते, "आई, विभाग सुरू होणार असेल तर मी तुझ्याकडेच येते. नाहीतर डॉक्टर सोडणार नाहीत." प्रवास एप्रिल संपेपर्यंतच करता येईल, त्यानंतर नाही. ती आली की बाळ चार महिन्यांचं होईपर्यंत राहणार आहे. मी मागची खोली पुसून घेतली. हे गेल्यापासून त्या खोलीत नुसत्या पेट्या होत्या. पेट्या आता माझ्या खोलीत आल्यात आणि मी त्यांच्यावरून उड्या मारून झोपायला जाते. या वयात.

तेव्हा गुंड्या, लवकर कर. जो आधी हो म्हणेल त्याच्या गळ्यात माळ घाल आणि मोकळा हो. थोरला काय, धाकटा काय, आपल्याला कुठे सोयरीक करायचीय?

पाव-अंड्यावर राहू नकोस. भाजी आण.

ताई


१९ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. बोलणी चालू आहेत. अशा कामात घाई करून चालत नाही, असं इथले जाणते सांगतात.

आता धाकट्या पक्षाच्या बाईसुद्धा येऊ लागल्यात. पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्या आल्या की मी आपोआप ताठ बसतो. सकाळी येतात, येताना संत्री आणतात, आणि "नाश्ता केलात का?" असं विचारतात. खरंच विचारतात हं, उत्तराची वाट बघतात. परवा माझ्या बाहीचं बटण लोंबत होतं, ते बोलता बोलता लावून दिलं. तोंडाने शिक्षणाच्या अंदाजपत्रकाबद्दल सांगत होत्या. मला अंदाजपत्रकातलं एक अक्षर आठवत नाही.

वकीलसाहेब संध्याकाळी येतात. आम्ही बुद्धिबळाचा एक डाव मांडतो. ते हरतात. मला आधी वाटलं मुद्दाम हरतात, पण नाही, त्यांना खरंच येत नाही. त्यांची दाढ मी बघून दिली. खालच्या मजल्यावरची लिफ्टवाली मला म्हणाली, "साहेब, तुमच्याकडे सारखी वर्दळ असते." वर्दळ! माझ्याकडे! मी मुद्दाम तिला म्हटलं, "हो ना, वैताग आलाय."

मी सहा पेले घेतले. चांगली चादर आणली. आता टेबलावर एका टोकाला बसावं लागत नाही, मध्ये बसतो.

प्रसूती विभागाचं सांगितलंच आहे. त्याशिवाय विचार केला की एवढी संधी आलीय तर गावाचं आणखी थोडं भलं करून घ्यावं. म्हणून वकीलसाहेबांना सांगितलं की बस थांब्याला छप्पर हवं. ते म्हणाले, विचारून येतो, आणि दुसऱ्या दिवशी विचारून आले. मग बाईंना सांगितलं की पुलाला कठडा हवा. त्या म्हणाल्या, अभियंत्याशी बोलून येते, आणि तिसऱ्या दिवशी आल्या. आता वाचनालयाच्या खिडक्यांचं काढायचा विचार आहे.

वर्तमानपत्रात माझ्याबद्दल काहीबाही येतंय, ते मनावर घेऊ नकोस. "भाव खाणारा खासदार" असं एकाने छापलं. फोटो मात्र चांगला आलाय.

चिऊला सांग, मामा विसरलेला नाही.

तुझा,
गुंड्या


२५ मार्च

चि. गुंड्यास,

आशीर्वाद. गावात तुझी वाहवा चाललीय. बेकरीवाला म्हणतो, डॉक्टर पक्का आहे, दोघांना नाचवतोय, शेवटी पूर्ण माप पदरात पाडून घेणार. मी पण मान डोलावते. बहिणीला अभिमान वाटायचाच.

पण घरी आल्यावर तुझं पत्र पुन्हा वाचलं, तेव्हा जरा खटकलं. आपल्या पुलाला कठडा आहे, गुंड्या. तूच लहानपणी त्यावर बसून पडला होतास आणि कपाळाला टाके पडले होते. मग कठडा कशाला मागितलास? आणि पत्रभर संत्री, बटण, बुद्धिबळ. त्यांनी प्रसूती विभागाला हो म्हटलं की नाही, त्याबद्दल एक ओळ नाही. मास्तरांनी गणित विचारलं की तू चित्राची वही काढून दाखवायचास, तसं वाटलं.

हो म्हटलं का? एका शब्दात कळव.

चिऊच्या सासूबाईंचं तिच्याकडे येणं वाढलंय. त्यांच्या शहरात मोठं इस्पितळ आहे, आमच्याकडेच चल, असं त्या म्हणतात. मी चिऊला सांगितलं, पंधरा दिवस थांब, मामा सरकार बनवतोय. विहीणबाईंनासुद्धा ऐकवलं मी, "माझा भाऊ सरकार बनवतोय." जरा जास्तच टेचात बोलले असेन. आता तोंडघशी पाडू नकोस म्हणजे झालं.

ताई


३१ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. हो म्हणतील, नाही कशाला म्हणतील? काळजी करू नकोस. कठड्याचं माझ्या लक्षात नव्हतं, दुरुस्ती तरी होईल.

एक आनंदाची बातमी. येत्या रविवारी मी दोघांना जेवायला बोलावलंय. दोघांनाही, एकाच वेळी! झालं असं की परवा वकीलसाहेब लवकर आले आणि बाई उशिरा निघाल्या, तेव्हा दोघांची माझ्या दारात गाठ पडली. दोन्ही पक्षांमध्ये विस्तव जात नाही, हे तुला माहीत आहे. प्रचारात एकमेकांचे वाभाडे काढले होते त्यांनी. दारात दोघं असे उभे राहिले, जसे दातांच्या दवाखान्यात आपला नंबर कधी येतो म्हणून बसलेले लोक असतात. मला फार अवघडल्यासारखं झालं. मी पटकन म्हणून गेलो, "रविवारी दोघांनीही जेवायलाच या ना."

बाई वकीलसाहेबांकडे बघायला लागल्या. वकीलसाहेब छताकडे. पण मला नाही कोण म्हणणार? सध्या मला कुणीच नाही म्हणत नाही.

सूप करणार आहे, मग भाजलेली कोंबडी आणि बटाटे. कोंबडी आजवर केलेली नाही. शेजारच्या खासदाराच्या बायकोकडून भट्टी कशी लावायची ते शिकून आलो. बाईंना गोड आवडतं, म्हणून सफरचंदं शिजवून ठेवीन. ताई, माझ्या घरी रविवारी माणसं जेवायला येणार आहेत. दवाखान्याच्या वरच्या खोलीत मी इतकी वर्षं राहिलो, तिथे तुझ्याशिवाय कुणी जेवलेलं आठवतंय का तुला?

पाठिंब्याचं त्यानंतर बघतो. सोमवारी नक्की.

तुझा,
गुंड्या


३ एप्रिल

गुंड्या,

हे पत्र बस ड्रायव्हरच्या हातात देतेय. तुला रविवारच्या आत मिळावं म्हणून.

सोमवार नाही. आत्ताच्या आत्ता उठ आणि दोघांपैकी कुणालाही हो म्हण. छापा-काटा कर. जेवणं मागाहून करत बस. चिऊच्या डॉक्टरांनी आता वीस तारखेनंतरच प्रवास नको म्हणून सांगितलंय आणि विहीणबाई तिची बॅग भरायला बसल्यात.

ताई


७ एप्रिल

ती. ताईस,

नमस्कार. तुझं पत्र शनिवारी संध्याकाळी मिळालं. पण तोवर कोंबडी आणून झाली होती. आज-उद्याने काय फरक पडतो, असं वाटलं.

ताई, इतका सुंदर रविवार! सुपाच्या वेळी चमच्यांचा तेवढा आवाज. मग कोंबडी आली. एका बाजूने करपली होती आणि दुसऱ्या बाजूने कच्ची होती. वकीलसाहेबांनी तिच्याकडे बघून म्हटलं, "डॉक्टर, ही तर आपली संसदच आहे." बाई जे हसायला लागल्या ते थांबेचनात! मग वकीलसाहेबपण हसले. मी कोंबडी पुन्हा भट्टीत घालायला आत गेलो. परत येऊन बघतो तर बाई त्यांना शिक्षणाच्या खात्याबद्दल काही विचारत होत्या आणि ते मान हलवत होते. मी म्हटलं, असू दे, गप्पा रंगल्यात. पुन्हा आत जाऊन बटाटे आणले. मग सफरचंदं. मी जितक्या वेळा आत-बाहेर केलं तितक्या वेळा त्यांच्या खुर्च्या जवळ आलेल्या दिसल्या. बाईंनी कागद मागितला, मी किराण्याच्या पिशवीचा फाडून दिला. त्यावर दोघं मिळून काही लिहीत होते. मला खरंच वाटलं, माझ्याच मागण्या लिहितायत.

जाताना दोघांनी माझे हात हातात घेतले. वकीलसाहेब म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही या देशावर फार मोठे उपकार केलेत." एका करपलेल्या कोंबडीबद्दल! बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानंतर दोघं खाली रस्त्यावर कितीतरी वेळ बोलत उभे होते. मी खिडकीतून बघत होतो. बाईंनी वर बघितलं असतं तर हात केला असता.

भांडी मी सोमवारपर्यंत तशीच ठेवली. टेबलावर तीन माणसांचा पसारा बरा वाटत होता.

काल दोघांपैकी कुणी आलं नाही. दमले असतील. आज आले की त्यांना माझा निर्णय सांगून टाकणार आहे. बाईंच्याच बाजूने जावं असं मनात आहे. तू म्हणशील ते खरं, एकदा सांगून टाकलं की बरं. फक्त, सांगितलं की दुसरा यायचा थांबेल, एवढंच वाईट वाटतंय.

तुझा,
गुंड्या


९ एप्रिल

गुंड्या,

तुझं पत्र आज दुपारी आलं. बातमी सकाळीच आली होती.

थोरला आणि धाकटा मिळून सरकार. खातेवाटपसुद्धा झालं. रेडिओवर दोघंही म्हणत होते की देशहितासाठी जुनं वैर विसरलो. दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ म्हणतात. त्यांनी भांडणच मिटवून टाकलं, मग तिसऱ्याला कोण विचारतो? आणि ते मिटवायला त्यांना टेबल दिलं कुणी, तर माझ्या भावाने. सफरचंदं शिजवून.

मग त्या तुझ्या वकीलसाहेबांची मुलाखत लागली. अपक्षांची मागणी का डावलली, असं विचारलं. ते म्हणाले, "डावलली नाही. प्रसूती विभाग आम्ही पहिल्याच भेटीत मान्य केला होता. धाकट्या पक्षानेही केला होता. डॉक्टरांनाच तो घ्यायचा नव्हता." आता नव्या कार्यक्रमात आहे का, तर म्हणाले, नाही, आता काटकसरीचे दिवस आहेत.

मी यंत्र कानातून काढून पुसलं आणि पुन्हा लावलं. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

पहिल्याच भेटीत, गुंड्या. सहा मार्चचं पत्र समोर ठेवून बसलेय मी. "बघू या" म्हणाले असं लिहिलंयस तू.

चिऊ आजच विहीणबाईंकडे गेली. जाताना फोन केला. रडत नव्हती, मला हसवत होती. तेच जास्त लागलं. विहीणबाईंनी मला "या" म्हटलं. कधी, ते म्हटलं नाही.

बेकरीवाला आज माझ्याशी नजर मिळवत नव्हता. तेल गेलं, तूप गेलं, हाती राहिलं धुपाटणं.

मला आता पत्र लिहू नकोस.


१४ एप्रिल

ती. ताईस,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितो. फाडून टाक हवं तर, पण आधी वाच.

खरं आहे. वकीलसाहेब "बघू या" म्हणाले नव्हते. "झालंच म्हणून समजा," असं म्हणाले होते, दारातून जाताना. बाईंनी तर पहिल्या दिवशी लिहूनच आणलं होतं. दोन्ही वेळा मी सही करायला पेन काढलं आणि मनात आलं, आता हे उद्या कशाला येतील? एवढंच. दुसरं काही नव्हतं त्यात. राजकारण नव्हतं, डावपेच नव्हते, वर्तमानपत्रवाले उगाच मला धूर्त म्हणतात. मला वाटलं, आणखी एक संध्याकाळ. मग वाटलं, आणखी एक. चिऊची तारीख मला पाठ होती गं. रोज सकाळी आठवायची आणि दाराची घंटा वाजली की विसरायचो.

परवा विश्वासदर्शक ठराव झाला. माझ्या मताची गरज कुणाला नव्हती. मी कुणीकडे हात वर केला हे मोजणाऱ्यालासुद्धा दुसऱ्यांदा विचारावं लागलं. मग मला बोलायला वेळ दिला, जेवणाच्या सुट्टीत देतात तसा. मी प्रसूती विभागाबद्दल बोललो. शिंपिणीच्या सुनेबद्दल बोललो. सभागृहात रिकाम्या खुर्च्या आणि एक झोपलेले खासदार. बाई मंत्र्यांच्या रांगेत होत्या, पण त्यांना कुणीतरी बोलवायला आलं आणि त्या मध्येच उठून गेल्या. जाताना माझ्याकडे बघून मान हलवली. चांगली बाई आहे. तिचा काही दोष नाही. ती माझ्याकडे सरकारसाठी येत होती, आणि मी समजत होतो की माझ्याकडे येतेय.

लिफ्टवालीने विचारलं, "साहेब, हल्ली कुणी येत नाही?" मी म्हटलं, "मीच नको म्हणून सांगितलंय." मजला आल्यावर दार उघडून धरलं तिने, नेहमी धरत नाही.

ताई, तुझी मागची खोली रिकामी राहिली ती माझ्यामुळे. मला इथे महिनाभर माणसं मिळाली, ती तुझ्या घरातली उचलून आणल्यासारखी झाली. याचं काय करू ते मला कळत नाही. राजीनामा देऊ का? त्याने विभाग सुरू होत असेल तर आज देतो.

एक ओळ तरी लिही.

गुंड्या


२ जून

ताई,

तीन पत्रं पाठवली, उत्तर नाही. पोस्टात विचारलं, पोचली म्हणतात.

शिव्या दे, पण लिही. हव्या तेवढ्या.

गुंड्या


२१ जुलै

चि. गुंड्यास,

चिऊला मुलगी झाली. मंगळवारी सकाळी. दोघी सुखरूप आहेत. विहीणबाईंनी फोन करून कळवलं, चांगलं बोलल्या. मुलीचं नाक आमच्यासारखं आहे असं म्हणाल्या, म्हणजे त्यांच्यासारखं. मी हो म्हटलं. फोटोत तरी मला तुझं नाक दिसतंय, पण आता ते कशाला काढा.

मी इथेच होते. काय करणार होते? खिडकीत बसले, उठले, मागच्या खोलीत गेले, परत आले. संध्याकाळी आनंदाची बातमी सांगायला म्हणून बाहेर पडले, तर बेकरी बंद होती. मग घरी येऊन रेडिओला सांगितली.

तुला लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. कायमचं. तुझी पत्रं यायची, मी वाचायची आणि टेबलाच्या खणात टाकायची. तुझं ते "आणखी एक संध्याकाळ" वाचून तर माझं डोकंच फिरलं होतं. म्हटलं, हा पंचावन्न वर्षांचा घोडा, याला एकटं वाटतं म्हणून माझ्या लेकीने परक्या घरी बाळंत व्हायचं? मला एकटं वाटत नाही का? मी कुणाचं सरकार अडवून ठेवलं?

गुरुवारी एक वार्ताहर मुलगी आली. सरकारला शंभर दिवस होतायत, त्या निमित्ताने तुझ्यावर काही लिहितेय म्हणाली. आधी वाटलं, दार लावून घ्यावं. मग म्हटलं, उन्हातून आलीय, पाणी तरी देऊ. तिला बसवलं, चहा केला. गोड पोर, चिऊच्याच वयाची. तिने विचारलं तेवढं मी सांगितलं. तू कसा शिकलास, निवडणुकीला का उभा राहिलास, कुलूप लावलेलं दार कुठे आहे. तिचं काम झालं. वही मिटली, चपलांकडे बघायला लागली.

आणि मी म्हटलं, "अगं, थांब, खरी गोष्ट तर राहिलीच."

खरी गोष्ट काहीच नव्हती, गुंड्या. सगळं सांगून झालं होतं. पण तिने वही पुन्हा उघडली, तर मी सांगत सुटले. तू दहा वर्षांचा असताना पुरात वाहून जाणाऱ्या वासराला वाचवलंस, असं सांगितलं. आपल्या नदीला कधी पूर आलाय? वासरू कुणाचं, ते विचारलं तिने, तर शिंपिणीचं म्हणून ठोकून दिलं. मग तू रात्री अंधारात माझा हात धरून शाळेच्या नाटकाला कसा आलास ते सांगितलं. तेही झालेलं नाही. ती लिहीत होती आणि मी तिच्या कपात आणखी चहा ओतत होते. रविवारच्या अंकात छापून येईल सगळं. मोठा शूर मुलगा होतास तू, वाच.

ती गेल्यावर मी कप धुतला नाही. बराच वेळ तसाच समोर ठेवून बसले. आणि मग तुझी पत्रं खणातून काढून पहिल्यापासून वाचली, या वेळी न रागावता.

तुला माफ केलंय, असं समजू नकोस. चिऊची पहिली मुलगी इथे, माझ्या हातात यायची होती. ते दुःख जायचं नाही, आणि तू घालवायला येऊही नकोस. राजीनामाबिजीनामा काही देऊ नकोस. तिथेच बस, आणि रोज उठून त्या विभागाबद्दल बोल. खुर्च्या रिकाम्या असल्या तरी बोल. पुढच्या कुणाच्या तरी लेकीला उपयोगी पडेल.

पण माझी मात्र एक अडचण झालीय. साडेतीन महिने मी अबोला धरला, आणि आता धरवत नाही. अबोला धरायला समोर माणूस लागतं ना रे. माझ्याकडे तेवढा तूच एक आहेस.

पत्र पाठव.

ताई